मित्रांसोबतच्या जेवणात रेड वाईन चाखून बघायची आहे? आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सांगलीतली सात-आठ मंडळी गेली काही वर्षं दीड-दोन महिन्यांतून एकदा कुणाच्या तरी घरी जेवायला जमतो आणि तीन रेड वाईन शेजारी शेजारी ठेवून चाखतो. ओळखीपाळखीतले लोक याबद्दल बरंच विचारतात. त्यांना तोंडी दिलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

एकच चांगली बाटली आणून सगळ्यांनी प्यायली तर काय बिघडतं?

काही बिघडत नाही, जेवण छानच होतं. पण वाईन कळायला लागत नाही. एकटी बाटली समोर असली की माणूस 'बरी आहे' किंवा 'कडक आहे' एवढंच म्हणतो, कारण तुलनेला काही नसतं. मार्केट यार्डात बेदाण्याचा सौदा कधी पाहिला असेल तर मला काय म्हणायचंय ते लगेच समजेल. व्यापारी एकाच मालाकडे बघत बसत नाही. या बॉक्समधली मूठ, त्या बॉक्समधली मूठ हातावर घेतो, रंग, जाडी, चकाकी बघतो, एक-दोन दाणे तोंडात टाकतो आणि मग भाव बोलतो. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तुलना करून पारखायची सवय आहेच. तीच वाईनला लावायची.

किती माणसं आणि किती बाटल्या?

सहा ते आठ माणसं, तीन बाटल्या. नेहमीची बाटली 750 मिलीची असते. चाखताना प्रत्येकाला 40 मिली ओतलं, तर आठ जणांत 320 मिली जाते आणि जेवणासोबत घ्यायला 430 मिली उरते. तिन्ही बाटल्या संपल्या तरी माणशी पावणेतीनशे मिलीच्या आसपास होतं, आणि तेही तीन-साडेतीन तासांत. आम्ही सुरुवातीला उत्साहात पाच बाटल्या मांडायचो. चौथ्या ग्लासापर्यंत जीभ तुरटपणाने बधिर व्हायची आणि पाचवीबद्दल कुणीच खरं काही सांगू शकायचं नाही. म्हणून तीन.

बाटल्या कशा निवडायच्या?

सगळा खेळ या निवडीवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तीन बाटल्यांत काहीतरी एक गोष्ट समान असावी आणि एक वेगळी. सगळंच वेगळं असलं तर फरक कशामुळे आला ते उमगत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर एकाच भागातल्या, साधारण एकाच किमतीच्या, पण वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाईन घ्या. महाराष्ट्रातली एक शिराझ, एक कॅबर्ने सॉव्हिन्याँ आणि एक सँजोव्हेसे किंवा मर्लो. शिराझ ही मूळची फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातली जात, तिचंच दुसरं नाव सिरा. सँजोव्हेसे इटलीतली, टस्कनीची. कॅबर्ने सॉव्हिन्याँ म्हणजे कॅबर्ने फ्राँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ यांचा संकर. काळ्या-निळ्या द्राक्षाला एक पालक पांढरा आहे, हे 1990च्या दशकात डीएनए तपासणीतून सिद्ध झालं. द्राक्षबागायतदार मंडळींना ही माहिती सांगितली की ती हमखास पुढे सरसावून बसतात, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या वेळी उलट करा: द्राक्ष एकच, जागा वेगळ्या. शिराझ नाशिकची, कर्नाटकातली आणि ऑस्ट्रेलियाची. तिसऱ्या वेळी मिश्र वाईन घेता येतील. कर्नाटकातल्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर कंपनीची 'ला रिझर्व्ह' ही कॅबर्ने आणि शिराझ एकत्र करून बनते. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला बनणारी फ्रातेल्ली कंपनीची 'सेट्टे' सँजोव्हेसे आणि कॅबर्नेची. ज्या जाती आधी सुट्या चाखल्या, त्या मिश्रणात ओळखू येतात का, हे बघण्यात मोठी मजा आहे.

एकाच वाईनची दोन वेगळ्या वर्षांची बाटली मिळाली तर सोडू नका. क्वचित मिळते.

सांगली-तासगावला एवढी द्राक्षं असताना वाईन नाशिकचीच का प्यायची?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि थोड्या दुखऱ्या सुरात येतो. मलाही तसंच वाटतं.

आपल्याकडची मुख्य द्राक्षं खाण्याची आणि बेदाण्याची. थॉम्सन सीडलेस आणि तिच्यातूनच तासगाव भागात निवडलेली तास-ए-गणेश. बी नाही, साल पातळ, मणी मोठा, रस भरपूर. मणी फुगावा म्हणून आपण घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाच्या) द्रावणात बुडवतो. वाईनला नेमकं याच्या उलट लागतं: मणी लहान, साल जाड, आत बी. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. शिवाय वेलीवरचा माल कमी ठेवावा लागतो. खाण्याच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या माणसाला त्याच्या निम्म्याहून कमी उत्पन्नावर थांबायला सांगणं सोपं नाही. वायनरीशी करार आणि भाव पक्का नसेल तर त्याने का थांबावं?

राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, तेव्हा दोन वाईन पार्क ठरले: नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि आपल्याकडे पलूसला, कृष्णा व्हॅली वाईन पार्क. पण वाईनचा कारभार नाशिककडेच एकवटला. आपल्या माणसांना छाटणीपासून खोडाच्या काडीपर्यंत सगळं कळतं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी हे वेळापत्रक वाईनच्या बागेलाही जवळपास तसंच आहे. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला माल काढतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. ज्या शेतकऱ्यांना हे उपजत माहीत आहे, त्यांच्या जिल्ह्याच्या नावाची वाईन आपल्या ताटाशेजारी असावी असं मला मनापासून वाटतं.

बाटल्या झाकून ठेवायच्याच का?

हो. नाव आणि किंमत दिसली की जीभ त्यांच्यामागे जाते.

फ्रान्समध्ये, वाईनसाठी नावाजलेल्या बोर्दोमध्ये झालेला एक प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये चव नसलेला लाल रंग घालून दिला. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकाचं असं होतं, तर आपलं काय होईल? त्याआधी 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी झाकलेल्या बाटल्या चाखल्या. त्या दिवशी रेडमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबर्ने पहिली आली आणि बोर्दोची नामांकित घराणी तिच्या मागे राहिली. लेबल दिसत असतं तर असा निकाल लागला असता असं मला वाटत नाही.

घरी करायला सोपं आहे. बाटलीच्या गळ्यावरचं वेष्टन पूर्ण काढायचं, नाहीतर त्याच्या रंगावरून ओळखू येतं. बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळून वर-खाली रबरबँड लावायचं आणि मार्करने 1, 2, 3 लिहायचं. गुंडाळणाऱ्याने आकडे घालू नयेत, ते दुसऱ्याने बाटल्या फिरवून घालावेत. म्हणजे घरमालकालाही चाखता येतं. झाकणं खिशात टाकायची, कारण एक कॉर्कची आणि दोन स्क्रू कॅपच्या असल्या तरी गुपित फुटतं.

रेड वाईन थंड करायची नसते ना?

'रूम टेम्परेचर'ला प्यायची असं म्हणतात, ते थंड देशातल्या खोलीचं. सोळा ते अठरा अंश. सांगलीत एप्रिलमध्ये खोली रात्रीही तीसच्या खाली यायला तयार नसते. तशी गरम वाईन ओतली की नाकात फक्त अल्कोहोलची झळ येते आणि फळाचा वास हरवतो. बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घालून बाटली दहा-बारा मिनिटं ठेवा, किंवा तासाभरापेक्षा थोडं जास्त फ्रिजमध्ये. हाताला गार लागली पाहिजे, पण बाहेरून घाम फुटेल इतकी नाही.

खास ग्लास लागतात का?

तोंडाशी जरा निमुळता, पातळ काचेचा आणि दांडा असलेला ग्लास असला तर उत्तम. नसला तर काचेचा साधा ग्लास चालतो, स्टीलचा नको. तिन्ही वाईनला एकाच आकाराचे ग्लास हवेत, ही अट मात्र पाळा. आणि ग्लास आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन उलटे न ठेवता सुकवा. कपाटाचा, साबणाचा वास काचेत बसतो.

चाखायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग बघा. तरुण वाईन कडेला जांभळट दिसते, वय झालेली विटकरी. मग न हलवता वास घ्या, हलवून पुन्हा घ्या. त्यानंतर छोटा घोट घेऊन तो तोंडभर फिरवा, गालांत, जिभेखाली. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात आकडे मोजा, चव किती वेळ टिकते ते. सगळे असे पहिल्यापासून तिसरीपर्यंत जातात आणि मग परत पहिलीवर येतात. परतीची फेरी चुकवू नका. पहिल्या वेळी सौम्य वाटलेली वाईन तिसरीनंतर चक्क आंबट लागते, कधी पाणचट लागते.

तेवढा वेळ बोलायचं नाही. एक जण 'अहाहा' म्हणाला की बाकीच्यांची जीभ त्याची होते. तिन्ही ग्लास झाले की मगच एकेकाने सांगायचं, आणि सर्वांत कमी अनुभव असलेल्याने आधी.

त्या दिवशी उदबत्ती, अत्तर, खोलीत फोडणी आणि तंबाखू-गुटखा नको.

टॅनिन म्हणजे काय, ते ओळखायचं कसं?

इंग्रजी पुस्तकं टॅनिन समजावताना पानं खर्ची घालतात. आपल्याकडे त्याला शब्द तयार आहे: तुरट. षड्रसांमध्ये कषाय म्हणून तो कधीपासूनचा बसलेला आहे. कच्चं केळं, आवळा, जांभळाची बी चावली गेली तर तोंडात जे होतं, तेच.

पहिल्या जेवणाआधी आम्ही एक प्रयोग करतो, तुम्हीही करा. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा दोन कपांत काढायचा. एक पत्ती दोन मिनिटं ठेवून, दुसरा दहा मिनिटं ठेवून. गार झाल्यावर दोन्हींचा घोट घ्यायचा. दुसऱ्या घोटानंतर जीभ टाळूला घासून बघा. खरखरीत लागते, ओलावा ओढून घेतल्यासारखी. लाळेतल्या ज्या प्रथिनांमुळे तोंड बुळबुळीत राहतं, त्यांना टॅनिन धरून ठेवतं, म्हणून असं होतं. आता दुसऱ्या कपात चमचाभर दूध घाला. तुरटपणा निम्म्यावर येतो, कारण टॅनिनला पकडायला दुधाची प्रथिनं मिळाली. मटणासोबत कॅबर्ने का मऊ लागते याचं बरंचसं उत्तर या कपात आहे.

हे एकदा जिभेला कळलं की वाईनमधला तुरटपणा आणि आंबटपणा वेगळे काढता येतात. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटपणाने तोंड कोरडं पडतं. नव्या माणसाची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते.

'ब्लॅकबेरी', 'सीडार', 'व्हायोलेट' असलं काही आम्हाला येत नाही. मग काय लिहायचं?

तुमच्या नाकाला जे ठाऊक आहे ते लिहा. ब्लॅकबेरी आम्ही किती जणांनी खाल्ली आहे? जांभूळ, करवंद, आमसूल, काकवी, भाजलेले शेंगदाणे, लवंग, ओल्या मातीचा वास, नव्या चपलेचा चामड्याचा वास हे सगळं आपल्या जवळ आहे. आमच्यातले एक काका बेदाण्याच्या व्यापारात आहेत. पहिल्याच बैठकीत ते तिसरा ग्लास नाकाशी धरून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "शेडमध्ये जाळीवर आठव्या-नवव्या दिवशी माल जसा वासाला येतो ना, अर्धा ओला, अर्धा वाळलेला, तसा आहे हा." आम्ही सगळ्यांनी ग्लास परत उचलले. अगदी तोच वास होता. बाटलीवरचा कागद काढला तेव्हा ती जास्त पिकलेल्या द्राक्षांची शिराझ निघाली. त्यांच्या त्या वाक्याइतकं अचूक वर्णन मी लेबलवर वाचलेलं नाही.

शिवाय यातले काही वास नुसती कल्पना नसतात. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, आणि मिरीतही तेच द्रव्य असतं. गंमत अशी की साधारण पाचातल्या एकाला तो वासच येत नाही. म्हणून कुणी 'मला मिरी लागत नाही' म्हणालं तर त्याला अडाणी समजू नका. कॅबर्नेत ढोबळी मिरचीचा हिरवा वास लागला तर तोही खरा. दोन्हींत पायराझिन नावाची द्रव्यं असतात. लवंगेचा वास देणारं युजेनॉल ओकच्या पिंपातून वाईनमध्ये उतरतं.

जेवायला काय करायचं?

दोन भाग करा. चाखण्याच्या पहिल्या फेरीत फक्त साधं पाणी आणि मीठ न घातलेली ज्वारीची भाकरी, तुकडे करून. भाकरीसारखं जीभ साफ करणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. भडंग, फरसाण, लसणाची चटणी तेव्हा बाहेर आणू नका.

दुसरी फेरी जेवणासोबत, त्याच तीन वाईन, झाकलेल्याच. ताटात आल्यावर क्रम बदलतो आणि आमच्यासाठी संध्याकाळचा सगळ्यात रंगलेला भाग हाच असतो.

तिखटाचं नीट समजून घ्या. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणाने आणखी टोचते. तांबड्या रश्श्यासोबत चौदा टक्क्यांची, पिंपात मुरलेली कॅबर्ने म्हणजे दोन्हींचं नुकसान. रस्सा करायचाच असेल तर कमी तुरट, फळांच्या चवीची, साडेबारा टक्क्यांच्या आसपासची वाईन घ्या आणि ती जरा जास्त गार करा. कॅबर्नेसाठी सुकं मटण करा: खोबरं भाजून, मिरी-लवंग धरून, कांदा-लसूण मसाला नेहमीच्या निम्मा. चरबी, प्रथिनं आणि मीठ यांनी तिचा तुरटपणा विरघळल्यासारखा होतो.

शाकाहारी पंगत असेल तर कृष्णाकाठची वांगी. हिरव्या काटेरी देठाची, शेंगदाण्याचं कूट आणि तीळ भरून, तेलावर वाफवलेली. तिच्यासोबत सँजोव्हेसे इतकी जमते की आमच्याकडे आता मटण असलं तरी भरली वांगी होतातच. सारणात गूळ मात्र चिमटीपुरताच घाला. पदार्थ गोड झाला की वाईन आंबट आणि कडवट लागते. अख्खा मसूरही छान लागतो.

मासे नकोत. रेड वाईनमधल्या लोहामुळे माशासोबत तोंडात धातूसारखी, उग्र चव उरते. सोलकढी आणि ताक जेवण झाल्यावर. श्रीखंड वाईनचे ग्लास उचलल्यावर.

न पिणारी माणसं असतील तर?

त्यांना वास घ्यायला बसवा. आमच्या एका वहिनी एक थेंबही घेत नाहीत, पण वासावरून शिराझ ओळखण्यात त्यांच्या जवळ कुणी जात नाही. आग्रह कुणालाही करायचा नाही. आणि थुंकायला प्रत्येकाला एक कागदी कप ठेवा. चाखताना थुंकणं जगभर रीतीचं मानतात.

वाईन खराब आहे हे कसं कळतं?

ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर कॉर्कमधला दोष. व्हिनेगरचा उग्र वास आला तर आंबली. फळ गायब आणि उकडलेल्या मनुकांसारखी चव लागली तर उष्णतेने गेलेली. आपल्या भागात हे तिसरं कारण फार आढळतं. एकदा मे महिन्यात मी घेतलेली बाटली दुकानाच्या काचेत, दुपारच्या उन्हात उभी होती हे घरी आल्यावर आठवलं. किंमत चांगली होती, पण कॉर्क वर सरकलेला आणि चव शिजलेली. तेव्हापासून मी दुकानदाराला आतल्या खोलीतला, आडवा ठेवलेला माल मागतो.

सल्फाइटमुळे डोकं दुखतं का?

सल्फाइटची खरोखर ॲलर्जी असणारे लोक आहेत, विशेषतः दम्याचे रुग्ण, त्यांनी जपावं. बाकीच्यांनी एवढं लक्षात घ्यावं की गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्या बेदाण्यात सल्फाइट वाईनपेक्षा कितीतरी जास्त असतं. मूठभर बेदाणे खाऊन डोकं दुखत नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं: प्रमाण, रिकामं पोट, कमी पाणी. जितकी वाईन तितकं पाणी, हा आमचा नियम.

रेड वाईन हृदयाला चांगली असते म्हणतात?

या कारणासाठी पिऊ नका. द्राक्षाच्या सालीतल्या रेझवेराट्रॉलचं कौतुक होतं, पण ग्लासात ते फार थोडं असतं. अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत मोडतं आणि त्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. आम्ही दीड-दोन महिन्यांतून एकदा, मोजून आणि चवीसाठी घेतो.

घरी जायचं काय?

ज्याने घोट घेतला त्याने गाडीची किल्ली घ्यायची नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे आणि ती ग्लास-दीड ग्लासातही ओलांडली जाऊ शकते. आमच्यातला एक जण आळीपाळीने न पिता सगळ्यांना सोडतो, विश्रामबागपासून मिरजेपर्यंत. पुढच्या वेळच्या बाटल्या निवडायचा मान त्याचा.

महागडी वाईन जिंकते का?

कधी कधी. झाकलेल्या बाटल्यांत आमच्याकडे बऱ्याचदा मधल्या किमतीची पुढे येते. महाग वाईन अनेकदा तरुणपणी फार तुरट असते, तिला बाटलीत काही वर्षं हवी असतात. ती आज उघडणं म्हणजे पाड लागण्याआधी आंबा कापणं.

उरलेली वाईन किती दिवस टिकते?

झाकण घट्ट लावून, बाटली उभी, फ्रिजमध्ये: दोन ते तीन दिवस. दुसऱ्या दिवशी एक घोट नक्की घेऊन बघा. तुरट वाईन हवा लागून बरेचदा सुधारलेली असते.

नोंदी ठेवायच्या का?

ठेवा, पण थोडक्यात. आम्ही दोनशे पानी वहीत प्रत्येक वाईनला तीन ओळी देतो: वास, तोंडात काय झालं, ताटातल्या कशासोबत बदलली. गुण देत नाही. पूर्वी द्यायचो, पण मग चर्चा आकड्यांचीच व्हायची. मागच्या पानावर एक नोंद आहे, वहिनींच्या अक्षरात: "क्र. 2. आधी कच्च्या जांभळाची बी. मटणानंतर पिकलं जांभूळ. वांग्यासोबत मिरी वर आली. हीच पुन्हा आणणे."